थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लालबुंद... शिरा आखडतात म्हणजे नक्की काय होतं?

रानजाई
मंडळी, एक शंका आहे. सकाळी साडेसहाला बाणेरहून शिवाजीनगरला स्कूटीवरून जावं लागतं, आणि सध्या पाषाण-बाणेर पट्ट्यात अशी कडाक्याची थंडी पडलीये की विद्यापीठ चौकापर्यंत ब्रेक दाबलाय की नाही हेच बोटांना कळेनासं होतं. पोचल्यावर हातमोजे काढले की दोन्ही हातांची मधली बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक, आणि पांढरं कुठे संपतं ती कड अगदी स्पष्ट दिसते. मग थोडी निळसर होतात, मग चहाचा कप धरून बसलं की लालबुंद होतात आणि असा ठणका लागतो की डोळ्यात पाणी येतं.
सासूबाई म्हणतात रक्त घट्ट झालंय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते नसेत ब्लॉकेज असेल, तपासून घे. नेटवर वाचलं तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात एवढंच लिहिलंय. पण त्या का आकुंचन पावतात, कोण सांगतं त्यांना, आणि रक्त पातळ करायची गोळी घेतली तर हे थांबतं का? वय ३४, मायग्रेन सोडलं तर तब्येत ठणठणीत.

झकास_राव
पहिला! हातमोजे बदला. धागा बंद करायला हरकत नाही.

लसूणवाले_काका
सासूबाईंचं बरोबर आहे. थंडीत रक्त घट्ट होतं, प्रवाह मंदावतो, म्हणून बोटं गार. सकाळी अनशेपोटी लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून कोमट पाण्याबरोबर घ्या, रक्त पातळ राहतं. आमच्या घरात तीन पिढ्या घेतायत, कुणाला हार्टचा त्रास नाही. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

मास्तरीण
रानजाई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेय, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.
रक्त घट्ट वगैरे बाजूला ठेवा. बोट काही मिनिटांत पांढरं पडतं आणि थोड्या वेळात लाल होतं, तेवढ्यात रक्त घट्ट होऊन परत पातळ होत नसतं हो. बदलतो तो नळीचा घेर. मोठ्या धमन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी ज्या अगदी बारीक धमनिका होतात त्यांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतो, आपल्या हुकमात नसलेला. तो आवळला की नळी अरुंद, सैल पडला की रुंद. पुढच्या केशवाहिन्यांना असा स्नायूच नाही, त्यांच्यात किती रक्त जायचं ते मागची धमनिका ठरवते.
आणि थोडंसं आवळलं तरी फरक फार मोठा पडतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा नाही होत, सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट त्रिज्या नुसती २० टक्के वाढली तरी प्रवाह दुप्पट!
हा खटाटोप कशाला? तर अंगात रक्त साधारण पाच लिटर. सगळ्या धमनिका एकाच वेळी सताड उघडल्या तर बीपी जमिनीवर येईल आणि माणूसही. म्हणून पेठेतल्या पाण्यासारखं असतं, टाकीत पाणी मोजकंच, चावीवाला या गल्लीची चावी उघडतो तेव्हा त्या गल्लीची आवळतो. पळताना पायांच्या स्नायूंना सोडायचं, जेवल्यावर आतड्यांना, उन्हाळ्यात कातडीला. थंडीत मेंदू बघतो की कातडीतून उष्णता चाललीये, मग पहिला बळी बोटं, कान, नाक आणि पायाची बोटं. तिथे मुळातच कातडीखाली धमनी-शिरा थेट जोडणाऱ्या खास वाटा असतात, उष्णता सोडायला. त्या बंद केल्या की आतलं हृदय, मेंदू, यकृत गरम राहतं. बोटं गार पडली तर चालतील हा हिशोब.
म्हणजे थंडीत बोटं गार पडणं हा आजार नाही. तुमच्याकडे तो प्रतिसाद जरा जास्तच तीव्र आहे, त्याबद्दल नंतर.

सदाशिवपेठी
चावीवाल्याचं पटलं. आमच्या गल्लीतला पण असाच, स्वतःला मेंदू समजतो.

निवांत_नाना
म्हणजे दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवणं शास्त्रीय आहे तर! जेवलं की रक्त पोटाकडे, मेंदूला रक्त कमी, म्हणून झोप. उगाच पुणेकरांना नावं ठेवतात.

मास्तरीण
नाना, अर्धंच बरोबर. जेवल्यावर आतड्यांकडचा प्रवाह वाढतो हे खरं, पण मेंदूचं पाणी कापत नाहीत. मेंदूला मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त लागतं आणि बीपी बऱ्यापैकी खाली-वर झालं तरी मेंदूच्या धमनिका स्वतःच आवळून-सैलावून तो आकडा सांभाळतात. तुमची झोप श्रीखंडपुरीची.

निवांत_नाना
श्रीखंडपुरीचा अपमान सहन केला जाणार नाही.

लसूणवाले_काका
बाई, शिकवलंत ते पुस्तकातलं. मग डॉक्टर लोक हार्टच्या पेशंटला रक्त पातळ करायची गोळी कशाला देतात? माझ्या मेव्हण्याला आयुष्यभर लावून दिलीये.

गोळीबंद
मेडिकलचं दुकान आहे, रोज याच गैरसमजाशी गाठ पडते म्हणून लिहितो.
काका, तीन वेगळ्या गोष्टी एकात एक होतायत. एक, नळीच्या आत चरबीचा थर साचून ती कायमची अरुंद होणं, तेच ब्लॉकेज. ते वर्षानुवर्षं वाढतं, चहाचा कप धरल्याने उघडत नाही. दोन, नळी धडधाकट पण भोवतीचा स्नायू आवळलेला, रानजाईंचं हे. तीन, रक्ताची गुठळी. अ‍ॅस्पिरिन घ्या नाहीतर वॉरफेरिन घ्या, त्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही आणि नळी रुंद तर अजिबात होत नाही, गुठळी होण्याची शक्यता कमी होते एवढंच. मेव्हण्यांना गोळी आहे ती यासाठी. आणि त्यांनी त्यावर भरमसाठ लसूण चालू केला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्तस्राव वाढू शकतो.
नळी रुंद करणारं औषध म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी. त्या कुळातलं जुनं औषध नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटमधलंच! विल्यम मरेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्ये ते अंजायनाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्याला, वापरलं. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सोमवारी कामावर आलं की डोकं ठणकायचं, कारण रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडायची आणि सोमवारी डोक्यातल्या वाहिन्या पुन्हा एकदम फुगायच्या. आणि मजा म्हणजे म्हातारपणी खुद्द आल्फ्रेड नोबेलला हृदयासाठी डॉक्टरांनी हेच लिहून दिलं. १८९६ मध्ये एका पत्रात त्याने स्वतःच यावर खवचट लिहिलंय, की लोक घाबरू नयेत म्हणून त्याला दुसरंच नाव दिलंय.

झकास_राव
नोबेल पुण्याचा होता काय?

टेकडीवाला
छान चाललाय धागा. ट्रेकवाल्यांचा एक लाडका गैरसमज इथेच निस्तरा. डिसेंबरात राजमाचीला मुक्कामाला गेलं की कुणीतरी बाटली काढतंच, थंडीत एक पेग मारला की अंग गरम होतं म्हणे. अंग गरम होत नाही, कातडीतल्या वाहिन्या उघडतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं म्हणून गरम वाटतं, आणि ती उष्णता सरळ हवेत जाते. पहाटे तंबूत सगळ्यात जास्त कुडकुडणारा तोच असतो. आमच्या ग्रुपात एकाला दोन स्लीपिंग बॅगात कोंबावं लागलं होतं.

मोरपंखी
त्या एकाने हा धागा वाचला आहे. दुसरी बॅग स्वखुशीने घेतली होती, कोंबलं वगैरे काही नाही.

टेकडीवाला
=)) =))

चिंगी
मध्येच विचारते, नाक चोंदल्यावर घालायचे थेंब पण असंच काही करतात का? मी गेले कित्येक महिने रोज घालतेय, आता थेंबाशिवाय झोपच लागत नाही.

गोळीबंद
चिंगी, आजपासून तो विषय गंभीरपणे घ्या. सर्दीत नाकातल्या अस्तरातल्या वाहिन्या फुगतात, म्हणून नाक बंद. थेंबातलं औषध त्या वाहिन्या आवळतं, दहा मिनिटांत नाक मोकळं. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की औषध उतरल्यावर त्या आधीपेक्षा जास्त फुगायला लागतात, मग परत थेंब, परत फुगणं. माझ्या दुकानात महिन्याच्या महिन्याला बाटल्या नेणारी गिऱ्हाइकं आहेत आणि सांगितलं की रागावतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते सोडवायचा मार्ग देतात.

मास्तरीण
रानजाईंचा 'कोण सांगतं त्यांना' हा प्रश्न राहिलाच.
एक सांगणारी म्हणजे सिम्पथेटिक, म्हणजे आपल्या हुकमाशिवाय चालणाऱ्या मज्जातंतूंची जाळी. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतला एका बाजूचा असा तंतू कापला, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. पाठोपाठ ब्राऊन-सेकार्डने त्याच तंतूला विजेने चेतवलं, तर कान पांढरा आणि गार. म्हणजे हा तंतू सतत 'आवळून धर' असा निरोप देत असतो, निरोप थांबला की वाहिनी सैल. हा निरोप नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाच्या रूपाने जातो. भीती वाटली की चेहरा पांढरा पडतो तो यातूनच.
पण सैल पड असं सांगणारं काय, ते कळायला १९८० उजाडलं. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन घालून बघत होता. काही तुकडे सैल पडायचे, काही पडायचेच नाहीत. शेवटी लक्षात आलं की जे तुकडे तयार करताना आतलं नाजूक अस्तर घासून निघालं ते सैल पडत नव्हते. म्हणजे आतापर्यंत ज्याला नुसता मुलामा समजत होते ते अस्तरच आतून निरोप धाडत होतं. तो निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड, चक्क एक वायू, काही सेकंदांत नाहीसा होणारा! १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. वर गोळीबंद यांनी सांगितलेली नायट्रेटची गोळी शंभर वर्षं लागू का पडत होती याचं उत्तरही हेच, शरीरात तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड निघतो.
सिगारेट, वाढलेली साखर, कोलेस्टेरॉल हे सगळं आधी या अस्तरालाच बाधतं, ब्लॉकेज होण्याच्या कितीतरी आधी.

पळपुटा
मी मॅरेथॉनच्या आधी बीटाचा रस पितो, त्यात नायट्रेट असतं आणि त्याचं शेवटी हेच होतं असं वाचलंय. बरोबर ना? बायको म्हणते नुसता सिंक लाल होतो.

मास्तरीण
होतं, पण वाटेत जिभेवरचे जिवाणू लागतात, नायट्रेटचं नायट्राइट तेच करतात. जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या करून रस प्यायलात तर निम्मी गंमत गेली. सिंकबद्दल वहिनींशी सहमत.

सावित्रीचा_डोंगर
मी मूळचा महाडकडचा, सध्या वारज्यात. शिरा आवळणं जीवघेणं कसं होतं ते आमच्याकडे लहानपणी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सविस्तर लिहितो.
भात कापून झालं की खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचतात. चुलतभावाने पेंढा उचलला आणि लाल विंचू चावला. मोठ्यांना वाटलं ठणका लागेल, रात्रभर ओरडेल, सकाळी बरा. पण हा ओरडतच नव्हता. अंगातून घामाच्या धारा, सदरा पिळून काढावा असा, तोंडाला लाळ, आणि हात धरला तर बर्फ. कोपरापासून खाली बर्फ. छाती धडधडतेय आणि हात मेल्यासारखे. दवाखान्यात नेल्यावर छोटीशी गोळी दिली, परत तीन तासांनी, परत तीन तासांनी. नर्सबाई येऊन बीपी तर बघायच्याच, पण दर खेपेला त्याचे तळवे आणि पाऊल हातात घेऊन बघायच्या. आम्हाला कळेना, चावलाय करंगळीला आणि या पाय काय चाचपतायत. पहाटे आत्याने पाय दाबता दाबता एकदम हाक मारली, अरे ऊन लागतायत! तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत बसले.
पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा सगळं जुळलं. या विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, सगळीकडच्या वाहिन्या एकदम आवळल्या जातात, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, ते थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो. आमच्याकडे असे पुष्कळ लोक जायचे, बहुतेक पोरं. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, त्यांनी रात्र रात्र बसून हे नोंदवलं, आणि प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी, जी नॉरअ‍ॅड्रेनलिनचा निरोप वाहिनीपर्यंत पोचूच देत नाही, ती विंचूदंशावर वापरली. लॅन्सेटमध्ये छापून आलं. कुठलं यंत्र नाही, काही नाही. हातपाय गरम झाले म्हणजे वाहिन्या उघडल्या, पेशंट वाचला.
२०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले होते.

चिंगी
बापरे. अंगावर काटा आला.

रात्रपाळी
_/\_ सावित्रीचा डोंगर. मी निवासी डॉक्टर आहे, आम्हाला अजून हेच शिकवतात. आता प्रतिविष पण देतात आणि दोन्ही मिळून लवकर उतार पडतो. एकच सांगतो, हे वाचून कुणी घरातली आजोबांची गोळी विंचू चावलेल्याला देऊ नका. बीपी धाडकन पडतं, उठून बसवलं तर पेशंट कोसळतो, हे दवाखान्यातच करायचं काम आहे.

लसूणवाले_काका
बावस्कर सरांचं माहीत होतं. मोठा माणूस. (लसूण मात्र चालू राहील.)

लेहवाली
याच्या बरोबर उलट गोष्ट फुप्फुसात होते असं आम्हाला लडाखला सांगितलं होतं, कुणी समजावेल का? पुण्याची उंची ५६० मीटर, विमानाने थेट साडेतीन हजारावर लेहला उतरलो. आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, रोज सिंहगड चढणारा, तोच दुसऱ्या दिवशी रात्री खोकायला लागला, आडवा झाला की धाप. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि सरळ खाली पाठवलं.

मास्तरीण
छान उदाहरण. बाकी शरीरात ऑक्सिजन कमी पडला की तिथली वाहिनी रुंद होते, म्हणजे जास्त रक्त, जास्त ऑक्सिजन. फुप्फुसात उलट, ज्या कोपऱ्यात हवा कमी तिथली वाहिनी आवळते. हवाच नाही तिथे रक्त पाठवून उपयोग काय, ते चांगल्या कोपऱ्याकडे वळवायचं. न्यूमोनियात फुप्फुसाचा एक भाग बंद पडतो तेव्हा हे वरदान आहे. पण लेहला सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी, मग सगळीकडेच आवळतं, कुठे जास्त कुठे कमी, दाब वाढतो आणि काहींच्या फुप्फुसात पाणी झिरपतं. तगडेपणाचा काही संबंध नाही. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश जोडीने मांजरांवर हे दाखवलं. हाच ऑयलर, ज्याने वाहिन्या आवळणारा तो निरोप नॉरअ‍ॅड्रेनलिन असतो हे शोधलं.

लेहवाली
अच्छा!! आणि मग त्या ग्रुपच्या औषधांच्या डब्यात 'ती' निळी गोळी का होती ते पण आता कळलं. तेव्हा सगळ्यांनी लीडरला फार छळलं होतं.

गोळीबंद
हो, व्हायग्रा, फुप्फुसातला दाब उतरवायला देतात ती. मुळात ती अंजायनावर तपासत होते, चाचण्यांत भलताच परिणाम दिसला आणि १९९८ मध्ये भलत्याच कामासाठी बाजारात आली. तीही नायट्रिक ऑक्साइडचाच निरोप लांबवते. म्हणून सगळ्या काकालोकांना हात जोडून विनंती, जिभेखालची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ही घ्यायची नाही, बीपी इतकं पडतं की माणूस दगावू शकतो. दुकानात लाजून सांगत नाहीत आणि मग पंचाईत.

सदाशिवपेठी
एकाच धाग्यात विंचू, डायनामाइट आणि निळी गोळी. वाचनखूण साठवली आहे.

बॅडमिंटन_काका
माझा प्रश्न साधा. बीपीसाठी अमलोडिपिन सुरू केली, बीपी मस्त आलं, पण संध्याकाळी घोट्याला सूज, मोज्याचा वळ उमटतो. किडनी गेली की काय म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, नॉर्मल. मग काय भानगड?

गोळीबंद
स्नायू आवळायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, ही गोळी ती वाट अडवते, म्हणून धमनिका सैल पडतात आणि बीपी उतरतं. पण परतीच्या शिरा तेवढ्या सैल पडत नाहीत. पुढून आवक वाढली, मागून जावक तेवढीच, मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्यापाशी साठतं. लघवीच्या गोळीने सहसा फारसं उतरत नाही. डॉक्टरांना सांगा, डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरी देतात.

बॅडमिंटन_काका
दुसरीने मला कोरडा खोकला झाला होता.

गोळीबंद
ती त्या सापवाल्या कुळातली असणार. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने माणसाचं बीपी कोसळतं, त्यावरून कॅप्टोप्रिल तयार केलं, १९८१ पासून वापरात आहे. खोकला हा त्या कुळाचा नेहमीचा त्रास, न खोकवणारी भावंडंही आहेत.

अंगणातली_आजी
सगळं वाचलं हो. आमच्या ह्यांना प्रोस्टेटची गोळी आहे, रात्री उठले की भोवंडून पडायला होतं. आणि कडकडीत पाण्याने अंघोळ करून बाहेर आले की पण तसंच. हे त्यातलंच का?

मास्तरीण
आजी, अगदी त्यातलंच. आपण उभं राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. मानेतल्या धमनीतला दाब मोजणाऱ्या तंतूंना ते लगेच कळतं आणि वाहिन्या आवळायचा निरोप जातो. वय झालं की हा निरोप मंदावतो. प्रोस्टेटच्या पुष्कळशा गोळ्या विंचवाच्या त्या गोळीच्या नात्यातल्याच, निरोप अडवणाऱ्या. गरम पाण्याने कातडीच्या वाहिन्या आणखी उघडतात. आजोबांना सांगा, आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. अंघोळीचं पाणी कोमट, आणि बाथरूमला आतून कडी नको.

अंगणातली_आजी
कडीचं ऐकणार नाहीत. बाकी सांगते.

उसाचा_फड
गंमत चाललीये पण बिडी-तंबाखूचं कुणी बोललं नाही. आमच्या गावी मामा दिवसभर बिडी ओढायचे. चाळिशीच्या आतच पाय दुखायला लागले, चार पावलं चाललं की थांबायचे. मग अंगठा काळा पडला, मग पाऊल काढावं लागलं. बर्गर डिसीज म्हणाले, तंबाखूनेच होतो, वाहिन्या सुजून आतून बंद होतात. डॉक्टरांनी एकच औषध सांगितलं, बिडी बंद. एक बिडीसुद्धा नाही. रानजाई, तुम्हाला लागू नाही, पण मिश्री लावणाऱ्या बायकांना हे सांगायला पाहिजे, निकोटीन त्यातूनही जातंच.

संपादक
मिश्रीवरून सुरू झालेले चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

बाजरीची_भाकर
विषयाला धरूनच आहे! राय नावाच्या धान्यावर अरगट बुरशी पडते, तिने वाहिन्या इतक्या आवळतात की मध्ययुगात युरोपात लोकांचे हातपाय काळे पडून गळायचे. आपल्या बाजरीवरही अरगट येतो, पण त्यातली द्रव्यं वेगळी, मळमळ, उलटी, गुंगी होते, बोटं गळत नाहीत. तरी बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकतात ते यासाठीच. रायवरच्या अरगटापासूनच पुढे मायग्रेनचं औषध निघालं, एर्गोटामीन.

रानजाई
बापरे, केवढा मोठा धागा झाला! सगळं वाचलं, धन्यवाद. बाजरीची भाकर यांचं शेवटचं वाक्य वाचून थबकले. मला मायग्रेनसाठी रोजची गोळी आहे, दिवाळीच्या आधी सुरू केली, प्रोप्रॅनोलॉल. अरगटवाली नाही ना ती? पण आता आठवतंय की बोटं गार पडायची कॉलेजपासूनच, पांढरी मात्र या हिवाळ्यातच व्हायला लागली. मायग्रेनचं डोकं खरंच कमी झालंय त्या गोळीने, म्हणून बंद करायला जीव होत नाही.

गोळीबंद
अरगटवाली नाही. पण धागा चारशे मैल फिरून आता कुठे मुद्द्यावर आला. प्रोप्रॅनोलॉलने हातपाय गार पडणं हा माहितीतला परिणाम आहे. मनाने बंद करू नका, एकदम थांबवायची गोळी नाही ती.

मास्तरीण
रानजाई, दोन्ही हात, थंडीत, पांढरं-निळं-लाल या क्रमाने, याला रेनॉचा त्रास म्हणतात. मोरीस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये वर्णन केलं. पांढरं म्हणजे रक्त थांबलं, निळं म्हणजे अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला, लाल म्हणजे वाहिन्या उघडून रक्ताचा लोंढा आला, ठणका त्याचाच. तरुण बायकांत हे पुष्कळ दिसतं आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतं. तुमची मूळची प्रवृत्ती असणार. वाहिनीच्या स्नायूवर नॉरअ‍ॅड्रेनलिनचा आवळायचा निरोप घेणारी जागा असते तशी अ‍ॅड्रेनलिनचा सैल सोडायचा निरोप घेणारीही एक असते, प्रोप्रॅनोलॉल ती दुसरी बंद करतं, शिवाय हृदयही थोडं मंद करतं. म्हणजे आवळणाऱ्याला मोकळं रान.
ज्यांनी गोळी दिली त्यांनाच दाखवा, मायग्रेनसाठी इतर कुळातल्या गोळ्याही आहेत. बोटं पांढरी असतानाचा फोटो काढून न्या, दवाखान्यात गेल्यावर ती गुलाबीच दिसतात. डोकं चढल्यावर घ्यायची वेगळी गोळी असेल तर तिचंही नाव सांगा, त्यातल्या काही वाहिन्या आवळतात. आणि बोटाच्या टोकाला जखम, कातडी ताठ होणं, सांधे दुखणं, एकाच हाताला होणं, यातलं काही असेल तर लगेच, कारण मग मागे दुसरा आजार शोधावा लागतो.

रानजाई
जखम, सांधे काही नाही. फोटोची आयडिया भारी. गुरुवारची वेळ घेतलीये. तोवर स्कूटीचं काय करू, बस सकाळी वेळेवर नसते.

टेकडीवाला
पाच बोटांचे हातमोजे सोडा, सगळी बोटं एकत्र राहतात तसले घ्या, पण त्यात ब्रेक नीट दाबता येतो का ते आधी पार्किंगमध्ये बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छाती आणि मान झाका. आतलं अंग गार पडलं की बोटांची चावी आवळतेच, नुसते हात झाकून भागत नाही. वारा अडवणारं जॅकेट, आत स्वेटर, गळ्याला मफलर. आणि कोरड्या हातांनी निघा, भांडी घासून ओल्या हाताने नको.

रानजाई
जॅकेट आहे, चेन बिघडलीये म्हणून पडून होतं. लक्ष्मी रोडला चेन बदलून देणारे कुठे बसतात?

सदाशिवपेठी
चेनवाले पुष्कळ आहेत, पण १ ते ४ जाऊ नका.

झकास_राव
मी पहिल्याच प्रतिसादात हातमोजे सांगितले होते. नोंद घ्यावी.